दहा टोल

मुलांनो, डोळे मिटा आणि बॉक्सिंगची रिंग डोळ्यांपुढे आणा. रिंग रिकामी आहे. भोवती दोनशे माणसं उभी आहेत, कारण त्यांचा लाडका फिलिप आढाव काल गेला. बॉक्सर गेला की त्याच्यासाठी घंटेचे दहा टोल देतात. आज तो मान त्याच्या सर्वांत जुन्या चाहत्याला, मोघेकाकांना, मिळाला होता.

आढावांची नात रूथ पुढेच उभी होती. आजोबांचे हात थरथरत, म्हणून गेली तीन वर्षं त्यांच्या शर्टाची बटणं रोज तीच लावून द्यायची.

"फिलिपची एकही लढत मी चुकवली नाही," मोघेकाका म्हणाले. "पण खेळ सोडला अन् माणूस दिसेनासाच झाला! कुठे गेला होता, देव जाणे."

रूथला राहवलं नाही. "कुठेच नव्हते गेले. तुमच्या सोसायटीच्या गेटवर होते. तुमच्या गाडीला रोज सलाम करायचे."

"तो म्हातारा वॉचमन?"

"हो. मला म्हणायचे, मोघेसाहेबांना सांगू नकोस. त्यांच्या लेखी मी अजून रिंगमध्येच आहे, तसंच राहू दे."

मोघेकाकांच्या हातून घंटेची दोरी सुटली. "मी एकदाही काच खाली केली नाही गं, बाळ. मला नको हा मान. तूच वाजव."

रूथने दोरी उचलून परत त्यांच्याच हातात दिली.

"आजोबांना तुमच्याच टाळ्या आठवायच्या," ती म्हणाली. "वाजवा तुम्ही. मी मोजते."

आणि तिने मोठ्यांदा म्हटलं, "एक!"