दुसरी टिकटिक

"हिच्या पिशवीत बघा आधी," आजी म्हणाल्या.

मदतनीस बाईने पिशवी टेबलावर उपडी केली. चष्म्याचं घर, कंगवा, अर्धा खाल्लेला बिस्किटांचा पुडा. पट्टे देणाऱ्या ऑफिसातून आलेल्या मेकॅनिकने हातातलं यंत्र त्यावरून फिरवलं. यंत्राची टिकटिक काही वाढली नाही.

"मग दुसरीकडे कुठे दडवलं असेल."

आजींनी या बाईचं मनातल्या मनात 'घार' असं नाव ठेवलं होतं. मुलाने तिला ठेवलं आजोबांना सांभाळायला, पण हिची नजर सदानकदा आजींवर. स्वयंपाकघरात जा, मागे. गॅलरीत जा, मागे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

"आजी, मी कशाला पट्टा बिघडवू?" घार म्हणाली.

"ह्यांना वृद्धांच्या संस्थेत धाडलं की तू सुटलीस ना!"

आजींचे यजमान त्यांच्या शेजारी कोचावर बसले होते. मनगटावर करडा पट्टा, त्यावर लुकलुकणारा हिरवा दिवा. माणूस विसरायला लागला की असा पट्टा बांधतात. तो सारखी एक बारीक लहर सोडतो, आणि माणूस हरवला की शोधणारे त्या लहरीचा माग काढत येतात. रोज सकाळी आजी आधी तो दिवा बघत, मगच चहाला हात लावत.

आणि गेल्या आठवड्यात नेमक्या वेळी पट्ट्याने दगा दिला. बाजारात आजी वळून बघतात तो आजोबा गायब. किती गल्ल्या पालथ्या घातल्या, किती जणांना विचारलं! शेवटी दिवेलागणीला बस डेपोच्या बाकापाशी सापडले. आजींना पाहताच लहान पोरासारखे रडायलाच लागले. आजींनी अंगातल्या जाकिटाच्या खिशातून रुमाल काढून त्यांचे डोळे पुसले.

मुलाने फोनवर सांगून टाकलं, पुन्हा असं झालं तर घरी ठेवणं जमायचं नाही. जन्माची जोडी, त्यातलं एक उचलून नेणार म्हणे!

"त्या दिवशी आमची माणसं कधी पुलाकडे धावत होती, कधी बाजाराकडे," मेकॅनिक म्हणाला. "पट्ट्याच्याच लहरीवर दुसरं काहीतरी बोलतंय. दोघांचे आवाज मिसळले की माग लागत नाही."

"ऐकलंस?" आजींनी घारीकडे पाहिलं. "दुसरं काहीतरी!"

"राहू द्या हो," आजोबा घाईने म्हणाले. "नवा पट्टा द्या नि मोकळे व्हा."

"तुम्ही गप्प बसा बरं. तुम्हाला यातलं काही कळत नाही."

आजोबांनी मान डोलावली. अलीकडे भलतेच गुणी झाले होते. पूर्वी हा माणूस छत्री कुठे ठेवायची यावरूनसुद्धा वाद घालायचा.

मेकॅनिकने त्यांचा पट्टा बंद केला. दिवा विझला. यंत्राची टिकटिक मात्र चालूच.

"म्हणजे घरातच आहे."

फ्रीजची पिन काढली. बल्ब उतरवले. मोबाइल बाहेर जिन्यात नेऊन ठेवले. टिक, टिक, टिक. घार दाराशी हात चोळत उभी. तिचा चेहरा उतरलेला बघून आजींना आतून गुदगुल्या होत होत्या. आता सापडलीस!

यंत्र दाराकडे वळलं, टिकटिक मंदावली. खिडकीकडे वळलं, आणखी मंदावली. कोचाकडे वळलं आणि ती धावतच सुटली.

आजोबा उठले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. आजी कोचावरच होत्या. टिकटिक जागची हलली नाही.

मेकॅनिक वाकला. "आजी, जरा जाकिटाची कॉलर..." त्याने अस्तर चाचपलं. आत काहीतरी वाटाण्याएवढं, नीट शिवून टाकलेलं. "एका घरात दोन, आणि दोन्ही एकाच लहरीवर! ऑफिसात कोण झोपलं होतं?"

"बघा, बघा!" आजी ओरडल्या. "मला अडकवायला हिनंच शिवलंय ते!"

मेकॅनिकने यंत्र बंद केलं. खोली एकदम शांत झाली, इतकी की त्याच्या कानाशी लागून आजोबा काय कुजबुजतायत ते आजींनाही ऐकू आलं.

"तिच्या कॉलरमधलं काढू नका. माझा पट्टा बंद करा, नुसता दिवा लागू दे. मी हरवतो असं तिला वाटतं, म्हणून तर ती एकटी घर सोडून जात नाही."