अण्णांची हजेरी

"शांत बसा!"

मागच्या बाकावरून आवाज आला तशी परदेशातल्या त्या इंग्रजीच्या वर्गातली सगळी मोठी माणसं चिडीचूप झाली. बाई सोडल्या तर इथे कुणालाच मराठी येत नव्हतं, पण हा हुकूम प्रत्येकाला कळला. कळणारच. बाईंच्या वडिलांनी, अण्णांनी, तिकडे घरी चाळीस वर्षं मास्तरकी केली होती. अण्णा निवृत्त झाले होते, त्यांचा आवाज झाला नव्हता.

"अण्णा, वर्ग माझा आहे," बाई फळ्यापासूनच म्हणाल्या.

"अगं, पण तो पिठाने माखलेला बेकरीवाला शेजारणीला उत्तर सांगतोय! धडधडीत कॉपी आहे ही."

"सांगू द्या. अडलेल्याला शेजाऱ्याने सांगायचं, हा इथला नियमच आहे."

अण्णांची मान नकारार्थी हलतच राहिली. आठवड्यापूर्वी ते लेकीकडे सातासमुद्रापार आले होते आणि सकाळीच चहा घेताना बोलून गेले होते, "शिकवायचंच होतं, तर आपल्याकडे काय शाळा नव्हत्या? परक्यांना परक्यांची भाषा शिकवायला इतक्या लांब?" बाईंना ते फार लागलं. म्हणून त्या त्यांना वर्गातच घेऊन आल्या. एकदा बघा, मग बोला.

तास संपत आला होता, हजेरी चालू होती. नुसतं 'प्रेझेंट' म्हणून कुणाची सुटका नव्हती. उभं राहून, आज काय केलं ते एका वाक्यात इंग्रजीतून सांगायचं. अण्णांच्या आवाजाने दचकून बसलेली शिंपीणबाई बाईंनी खूण केल्यावर पुन्हा उठली. सहा महिने ती तोंडात मिठाची गुळणी धरून बसायची. बेकरीवाल्याने पहिला शब्द दिला, पुढचे तिने स्वतः जुळवले.

"टुडे... आय स्पोक टू डॉक्टर. अलोन."

म्हणजे आज दवाखान्यात तिने दुभाषा म्हणून मुलाला सोबत नेलंच नव्हतं. वर्गाने बाकं बडवली. बाईंना इतका अभिमान वाटला की त्यांना तो लपवताही येईना.

हजेरीपटाच्या तळाशी, शाळेच्या नियमाप्रमाणे, पाहुण्याचं नाव लिहिलेलं होतं. इतरांचं पुकारलं तसंच बाईंनी तेही पुकारलं.

अण्णा उठले. सवयीने कोट खाली ओढला. इंग्रजी त्यांना वाचता यायचं, पण चारचौघांत बोलायची वेळ त्यांनी जन्मभर टाळली होती. सगळा वर्ग वळून त्यांच्याकडे बघत होता, आणि कुणीही हसत नव्हतं.

"शी इज... शी इज माय..."

इथे गाडी अडली.

"डॉटर," बेकरीवाला कुजबुजला. त्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा, जरा मोठ्याने, "डॉटर!"

अण्णांनी हात वर करून त्याला गप्प केलं.

"टीचर," ते खणखणीत आवाजात म्हणाले.

आणि बाई 'बसा' म्हणायची वाट बघत, दोन्ही हात सरळ खाली ठेवून, तसेच उभे राहिले.