निळा ओघळ

"घरात इंग्रजीच बोला," लेकीच्या शाळेच्या मॅडमनी फर्मावलं. मॅडमचं काय जातं! हिंजवडीची जमीन विकून बसलेल्या इंद्रजीतने ते बायकोवर लादलं. तनुजाकडे तीनच इंग्रजी शब्द होते: कम, ईट, स्लीप. वर्षभर तिने लेकीला तेवढेच दिले, एरवी तोंडाला कुलूप लावलं. चार वर्षांची ऋतिका बोलेनाशी झाली. डॉक्टर म्हणाले, "कान ठीक आहेत. तिच्यासोबत जलरंगांनी चित्रं काढा आणि दिसेल ते बोलत राहा." तनुजा मुकाट्याने ब्रश फिरवत बसली. भिंतीला टेकवलेल्या कागदावरून निळा रंग खाली उतरला. "आगं, ओघळ आला बघ!" ती बोलून गेली. "ओघळ," ऋतिका म्हणाली. दारातून इंद्रजीत खेकसला, "इंग्लिशमध्ये!" पोरगी आईच्या मागे सरकली. "तुम्हीच सांगा की, ह्याला इंग्रजीत काय म्हणत्यात?" तनुजाने विचारलं. "ब्लू... वॉटर..." इंद्रजीत अडखळला. रंग फरशीवर टपकला. "ओघळ," पोरीनेच सांगितलं.