पाच सोमवार

अर्जावरच्या 'दिनांक पासून' या शब्दांपुढे कागद इतका झिजला होता की उजेडाकडे धरला असता तर पलीकडची खिडकी दिसली असती. तिथे पेन्सिलीने तारीख लिहून खोडली होती, निदान चार वेळा. त्याखालचं 'एकूण दिवस : पाच' मात्र शाईने लिहिलेलं होतं, एकाही खाडाखोडीशिवाय.

रजेच्या कारकुनाने अर्ज परत सरकवला. "बाई, तारीख नाही. आणि असती तरी उपयोग नव्हता. शिल्लक शून्य."

पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या बाई टेबलापलीकडे उभ्या होत्या. "वर्षाला अठ्ठावीस दिवस असतात ना?"

"असतात. पण सार्वजनिक सुट्ट्या त्यातच धरलेल्या. आठ सुट्ट्या वजा, उरले वीस. ते तुम्ही घेतले. शेवटचे अकरा तर आईंच्या दवाखान्यातच गेले."

"बिनपगारी?"

"तुमच्याकडे माणसं कमी आहेत. साहेबांनी बंद केली आहे."

या टेबलाशी लोक भांडत, रडत. एकाची आजी तर तीनदा वारली होती. बाईंनी नुसता श्वास सोडला. दात काढायला जावं आणि दातांचा डॉक्टर आज आलाच नाही असं कळावं, तसा.

"आई कशा आहेत?" त्याने विचारलं.

"तशीच. आज बाविसावा दिवस. डॉक्टर रोज विचारतात, रजेचं काय झालं. घरचं माणूस सलग हजर हवं म्हणतात. मधेच उठून येता येणार नाही."

"आणि भाऊ?"

"लांब असतो. म्हणतो, ताई, तुला रजा मिळाली की कळव, मी निघतो." त्यांनी अर्जाच्या नीट चार घड्या घातल्या. "बरं. डॉक्टरांना सांगते, नाही मिळाली म्हणून."

त्या गेल्यावर पलीकडे कागद लावत बसलेल्या शिपाई मावशी म्हणाल्या, "तिसरी खेप तिची. लोक तुम्हाला कात्री म्हणतात ते काही उगाच नाही."

"नियम काय माझ्या घरचे आहेत, मावशी?"

"घरचे असते तर बायकोने कधीच बदलायला लावले असते."

तो हसला नाही. त्याची स्वतःची आई गेली तेव्हा तो याच खुर्चीत बसला होता, खात्यावर एकोणीस दिवस शिल्लक असताना. ते एकोणीस दिवस नंतर त्याने कशासाठी वापरले, हे त्याला आठवतही नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून त्याने बाईंचं रजापत्रक काढलं. आठ सुट्ट्या, आठ लाल खुणा, सगळ्या त्याच्याच हातच्या. वरच्या कोपऱ्यात लिहिलं होतं : साप्ताहिक सुट्टी – सोमवार.

प्रयोगशाळा सातही दिवस चाले, म्हणून तिथल्या निम्म्या लोकांना रविवारऐवजी सोमवारी सुट्टी असे. त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं एकेक करून उलटली. आठांपैकी पाच सार्वजनिक सुट्ट्या सोमवारी आल्या होत्या.

त्या पाचही दिवशी बाई तशाही घरीच असणार होत्या. जो दिवस कामाचा नव्हताच, तो रजेतून कापायचा कसा? त्याने नियमांचं पुस्तक काढलं. सुट्टी साप्ताहिक सुट्टीवर आली तर बदली दिवस द्यावा, असं स्वच्छ लिहिलं होतं. हे पान त्याने वर्षानुवर्षं उलटलं नव्हतं. ऑफिसातल्या सगळ्यांसारखी त्याचीही सुट्टी रविवारी असे, आणि हिशेब तो सगळ्यांचा स्वतःसारखाच करत आला होता.

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "उद्या सगळे सोमवारवाले दारात येऊन उभे राहतील."

"राहू देत, साहेब. चूक माझी आहे. तसं लिहून देतो."

"विचार करा. सेवापुस्तकात शेरा पडेल. तीन वर्षं राहिलीत तुमची."

"पडू दे."

साहेबांनी सही केली.

चार वाजता त्याने बाईंना बोलावलं. त्यांच्या मनगटांवर हातमोज्यांच्या कडांचे वळ होते. त्याने पत्रक त्यांच्यासमोर ठेवलं आणि पाच सोमवारांवर एकेक करून बोट ठेवलं. इतक्या वर्षांत आपण कुणाला रजा वाढवून देत आहोत, हे त्याला नवीनच होतं. आवाज जरा चढलाच.

बाई पत्रकाकडे बघत राहिल्या.

"चूक तर नाही ना झाली?"

"तीनदा हिशेब केलाय."

"चौथ्यांदा करून बघा."

"पाणी तपासणारी माणसं!" म्हणत त्याने पुन्हा मोजलं. पाचच भरले.

"साहेबांची सही?"

"ही बघा. आता तुम्हाला कुणीही अडवू शकत नाही."

बाई खुर्चीत बसल्या. या टेबलाशी त्या पहिल्यांदाच बसत होत्या. मावशींनी न सांगता पाण्याचा पेला आणून ठेवला.

"जा हो ताई, आईजवळ जा," मावशी म्हणाल्या. "मनासारखं झालं ना एकदाचं."

बाईंनी त्याच्या टेबलावरचं पेन घेतलं. अर्जाच्या घड्या उलगडून झिजलेल्या जागी उद्याची तारीख लिहिली, शाईने. कागद फाटला नाही. मग त्यांनी फोन काढला. कारकून भलं केल्याच्या समाधानात, सभ्यपणे खिडकीबाहेर पाहू लागला.

"डॉक्टर, मी बोलतेय. हो, मिळाली रजा. पाच दिवस." त्यांनी पलीकडचं ऐकून घेतलं. "नाही, आता कशासाठीही थांबायचं नाही. भाऊ रात्रीतून निघेल, सकाळी पोचेल."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. बाईंनी सहीवर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहू दिलं.

"हो. उद्या दहा वाजता आईचं श्वासाचं मशीन काढा."