दुकानातलं वाक्य

स्वमग्न मुलांना मिळणाऱ्या सरकारी मदतीचा अर्ज तीन आठवडे आमच्या काउंटरवर पडून होता. तो भरला तर लेकीला शाळेत शेजारी बसून शिकवणारी मदतनीस मिळणार होती. पण अर्जावर मोठ्या अक्षरात ‘अपंगत्व’ असं छापलेलं, आणि ह्यांचं घोडं तिथेच अडलं होतं.

“पोरीच्या कपाळावर आपल्याच हातानं शिक्का मारू?”

“अहो, शिक्का कसला, मदत आहे ती!” मी तरी किती वेळा सांगणार?

आमचं चष्म्यांचं दुकान. हे गावाला चष्मे लावतात आणि स्वतःचा मात्र खिशात ठेवतात. आताही डोळे बारीक करून तोच अर्ज पुन्हा वाचत बसले.

लेक खाली बसून चष्म्यांच्या रिकाम्या डब्या रंगाप्रमाणे लावत होती. ती स्वतःचं असं फारसं बोलत नाही, दुकानात ऐकलेलंच बोलते. तिनं मान वर केली, बापाचे बारीक झालेले डोळे पाहिले आणि चष्म्याला नाकं मुरडणाऱ्या गिऱ्हाइकांना हे रोज जे ऐकवतात, ते ह्यांच्याच सुरात म्हणाली,

“चष्मा लावल्यानं डोळे अधू होत नाहीत हो. डोळे आहेत तसेच राहतात, फक्त नीट दिसायला लागतं.”

 

ह्यांनी खिशातला चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, डोळ्यांवर चढवला आणि लेकीशेजारी जमिनीवर बसत तिलाच विचारलं,

“मालकीणबाई, सही कुठं करायची?”