पुडी कुणाची?

पंक रॉक बँडमध्ये घसा फाडून गाणारा गोरक्ष गर्दच्या पुडीसह पकडला गेला, तेव्हापासून चाकणच्या मार्केटात कांदा निवडणारी त्याची आई, ठकुबाई, कुणाशी नजर मिळवत नव्हती. आज कोर्टात वकिलांनी त्याला बजावलं, “पुडी ज्ञानेशची होती म्हण, सुटशील.” बँडमध्ये ड्रम वाजवणारा ज्ञानेश पकडलं तेव्हा सोबत होताच, आणि कंपनीत नुकताच पर्मनंट झाला होता. न्यायाधीशांनी विचारल्यावर कठडा धरून गोरक्ष म्हणाला, “साहेब, पुडी माझीच. ज्ञानेश शिवतसुद्धा नाही. मला यातून बाहेर पडायचंय.” तुरुंगाऐवजी त्याला व्यसनमुक्ती केंद्रात पाठवायचा हुकूम झाला. बाहेर हवालदारानं गोरक्षचा काढून ठेवलेला खिळ्यांचा चामडी मनगटपट्टा ठकुबाईला दिला. बाकावरच्या बाईनं नाक मुरडत विचारलं, “ह्यो कुणाचा गं?” ठकुबाईनं तो हिरव्या बांगड्यांशेजारी बांधला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “माझ्या लेकाचा हाय!”