संक्रांतीचा फोटो

दुधाच्या पावडरीचे डबे थेट तिळगुळाच्या ताटापुढे मांडले गेले, आणि नयनाने काही न बोलता ताट उचलून पलीकडे नेलं. बायको बोलली तर परवडतं. गप्प बसली की काही खरं नाही, हे विश्वनाथला चांगलं ठाऊक होतं.

एकोणसत्तर सालची संक्रांत. चंदीगडच्या सरकारी क्वार्टर्समधलं हळदीकुंकू. अंगणात कोवळं ऊन, सतरंजीवर मराठी बायका, आणि यंदा खुर्चीवर मिसेस बेकर. त्यांचे यजमान म्हणजे विश्वनाथच्या प्रयोगशाळेत आलेले अमेरिकन सल्लागार. विश्वनाथला वर्षभर अमेरिकेत शिकायला पाठवायचं की नाही, ते बेकरसाहेबांच्या एका शब्दावर होतं. साहेबांची फर्माईश तशी साधी. मॅडम बायकांना डबे वाटणार, त्याचा फोटो तिकडच्या मासिकात छापून येणार. अमेरिकेची मदत घरोघर पोचते, ते जगाला दिसेल. बायकांनी फक्त हात पुढे करायचे.

माझ्या अंगणात येऊन माझ्या मैत्रिणींनी हात पसरायचे का, असं नयना आठवडाभर विचारत होती. दोन वर्षांपूर्वीच्या दुष्काळात अमेरिकेने गव्हाची जहाजं कशी रडवत रडवत सोडली, का तर व्हिएतनामच्या युद्धावर आपण तोंड उघडलं, ते ती विसरली नव्हती. आधी पोळी दाखवायची आणि मग तोंड शिवायचं, असली कसली मेली मदत, म्हणायची. विश्वनाथने हातापाया पडून तिला गप्प केलं होतं. निदान त्याला तसं वाटलं होतं.

प्रयोगशाळेचे फोटोग्राफर राजाभाऊ कॅमेरा लावून तयार झाले. मॅडमनी डबा उचलला. नयना हसत पुढे गेली, डबा त्यांच्या हातातून घेऊन खाली ठेवला. कुंकू लावलं. स्वतःची शाल त्यांच्या खांद्यावर घालून पदरासारखी पुढे पसरायला लावली आणि ओटी भरू लागली. खण, नारळ आणि ओंजळ ओंजळ गहू. हळदीकुंकवाला आलेली बाई देत नसते, घेत असते. मॅडमना हे कुठून कळणार? त्या बिचाऱ्या कौतुकाने शाल पसरून उभ्या. गहू पाहून त्यांचा चेहरा खुलला. हा आमचाच ना, त्यांनी विचारलं.

"त्यांना सांगा," नयना विश्वनाथकडे वळून म्हणाली, "हा इथल्याच मुल्लानपूरच्या शेतातला आहे. आणि घेतल्यावर गप्प बसायची अट नाही."

फाटकाशी बेकरसाहेब टक लावून बघत होते. इंग्रजीत सांगताना अर्धं वाक्य गिळलं असतं तरी भागलं असतं. त्यांना मराठी थोडंच कळत होतं? अमेरिका अगदी हाताशी होती. विश्वनाथने बायकोकडे पाहिलं. आठवडाभर आपण हिला काय करायला सांगत होतो, याची त्याला मनापासून लाज वाटली.

त्याने सगळं इंग्रजीत सांगितलं. अटीसकट, फाटकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.

मॅडमचं हसू मावळलं. शाल मात्र सोडता येईना, गहू सांडला असता. राजाभाऊ गडबडले, डबे कुठे ठेवू विचारू लागले.

"डबे राहू द्या, राजाभाऊ," विश्वनाथ म्हणाला. "देणारी कोण आणि घेणारी कोण, तेवढं स्वच्छ दिसू द्या."